कठड्याची आतली बाजू

माझ्या धंद्यात खोटं बोलायची वेळ क्वचितच येते. बफिंगचं चाक असलं की भागतं. स्टेनलेस स्टीलच्या दोन पाइपांचा सांधा कसाही जोडलेला असू द्या. वरून ग्राइंडरने घासला, पॉलिशची वडी लावून चाक फिरवलं, की सांधा नेमका कुठे होता हेही बघणाऱ्याला सापडत नाही. आत धातू वितळून एकजीव झालाय की नुसता कडेला चिकटलाय, हे फक्त जोडणारा जाणतो. बाकीच्यांना कळतं ते त्या सांध्यावर पुरा भार पडेल त्या दिवशी.

मी जांब समर्थला फॅब्रिकेशनचं काम करतो. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॉलीची डागडुजी, पत्र्याची शेड, जिन्याचे आणि गच्चीचे कठडे. आमच्याकडे नावेचं काम कोण आणणार? पण गोदावरी घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण कडेने वाहते आणि जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे उच्च पातळी बंधारे झाल्यापासून पाणी पावसाळ्यानंतरही अडून राहतं. पाणी राहिलं की मासा राहतो, मासा राहिला की नाव येते. अशाच एका भोई मामांची फायबरची नाव होती. तिचा पुढचा कठडा वाकला होता, दोन पाय बुडातून तुटले होते. नवा करून बसवायचा होता. काम झालं, चांगलं झालं, मामांची काही तक्रार नाही. तरी ते मनातून जात नाही, कारण ते करताना मला माझं मन जेवढं दिसलं तेवढं एरवी दिसत नाही. हा त्याचा हिशेब आहे.

समुद्रावरच्या महागड्या बोटींना असा कठडा शोभेसाठीही लावतात. आमच्या बंधाऱ्याच्या पाण्यात त्याचं काम वेगळं. जाळं ओढणारा माणूस नावेच्या तोंडाशी उभा राहतो. दोन्ही हात जाळ्यात, नजर पाण्यात, मांडी कठड्याला टेकलेली. तो कठड्याकडे बघत नाही. त्याला बघावं लागू नये म्हणूनच कठडा असतो. नाव हेलपाटली की साठ-सत्तर किलोचं माणूस त्या इंचभर पाइपावर येतं. कठडा दोन फूट उंच असला तर वर बसलेला हिसका सगळा पायांच्या बुडाशी उतरतो. म्हणून कठडा मधोमध सहसा तुटत नाही. पाय जिथे पट्टीला वेल्ड केलेला असतो, किंवा पट्टी जिथे बोल्टने नावेला धरलेली असते, तिथे तो जातो. मामांचा जुना कठडा तसाच गेला होता. तुटलेल्या तोंडाच्या आत तांबडा गंज होता, बाहेरचं पॉलिश मात्र शाबूत होतं. ज्याने तो केला त्याला मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या कामातली खोट दिसली की माणूस किती पटकन सोवळा होतो, ही या हिशेबातली पहिली नोंद.

आणि ही नाव नुसती माशांची नाही. 2006 च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटलं होतं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हा गोदाकाठच्या लोकांना पुन्हा घरं सोडावी लागली. अशा वेळी सरकारी बोट येईपर्यंत गावात जी नाव असेल ती धावते. म्हातारी माणसं, लेकरं, शेळ्या, धान्याची पोती. घाबरलेल्या माणसाचा हात सगळ्यात आधी कठड्याला लागतो. तो हात कुणाचा असेल, हे मला कधी कळणार नाही. त्यालाही माझं नाव कळणार नाही.

मामांनी पहिलाच प्रश्न केला, “मिस्त्री, गंजायचं तर नाही ना?”

या प्रश्नाला आमच्या बाजारात तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही सारखीच चमकतात. पहिलं 316 नंबरचं स्टील. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात टिकतं. मालवण-रत्नागिरीला तेच हवं. दुसरं 304. त्यात क्रोमियम साधारण 18 टक्के आणि निकेल 8 टक्के. गोदावरीच्या गोड्या पाण्याला ते पुरतं. तिसरं 202. निकेल महाग, म्हणून ते 4 ते 6 टक्क्यांवर आणून उरलेली जागा मँगनीजने भरलेली. कोरड्या खोलीत ते वर्षानुवर्षं चांगलं राहतं, पण पाण्यावर, रोजच्या ओल्या जाळ्याखाली, त्यावर तांबडे ठिपके उठतात. लोक हुशारीने खिशातून चुंबक काढतात. चुंबक 304 ला चिकटत नाही आणि 202 लाही नाही. फरक ओळखायचा तर परीक्षेच्या द्रवाचा थेंब टाकून बॅटरीचा करंट द्यावा लागतो. मँगनीज जास्त असलं की थेंब लाल होतो. ती बाटली माझ्याकडे असते, गिऱ्हाइकाकडे नसते.

माझी कसोटी 202 वर लागली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं झालं नाही. नावेला 202 घालण्याचा विचारही मनाला शिवला नाही. मोह झाला तो 316 चा. “मामा, समुद्राचा माल घेऊ, जन्मात बघायला नको,” हे वाक्य अगदी ओठावर होतं. त्यात चुकीचा शब्द एकही नव्हता. माल महाग, त्यावरचा माझा टक्काही मोठा, आणि वर मामांनी मला देवमाणूस म्हटलं असतं. हलका माल भारी म्हणून विकणाऱ्याला सगळे चोर म्हणतात. गरज नसताना भारी माल गळ्यात मारणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, कारण तो समोरच्याच्या भल्याचंच बोलत असतो.

मी 304 पुरेल असं सांगितलं. का सांगितलं, हे नंतर शोधलं तर दोन कारणं सापडली. एक, मामांची ऐपत दिसत होती. दोन, भाव जास्त सांगितला तर काम दुसरीकडे जाईल ही भीती. त्यातलं कोणतं आधी आलं ते मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून एक सवय सोडली: निर्णय बरोबर निघाला म्हणजे हेतूही स्वच्छ असणार, असं धरून चालायची.

जाडीचंही असंच आहे. बाहेरून पाइप एक इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्याची भिंत 1.2 मिलिमीटरची आहे की 2 ची, हे टोकं बंद झाल्यावर डोळ्याला कळत नाही. सहा मीटरची अख्खी नळी उचलली तर कळतं: एक साधारण 4.3 किलो भरते, दुसरी 7. माल आम्हाला वजनावर मिळतो, कठडा आम्ही फुटावर विकतो. या दोन मापांमधल्या फटीत आमच्या धंद्याचा बराचसा नफा राहतो.

2022 च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावच्या राममंदिरातून समर्थ रामदासांच्या घराण्यात पूजल्या गेलेल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. पुढे त्या सापडल्या. पण तोवर गाव सुन्न होतं, चिडलेलं होतं, आणि जो तो म्हणत होता की मेल्यांना त्यात नुसता धातूच दिसला. मीही म्हणत होतो. पाइपाच्या दुकानात दोन नळ्या हातावर तोलताना ते वाक्य आठवलं. मला तरी त्या नळीत काय दिसत होतं? धातूच, किलोला अमुक इतका. तिच्यावर ज्याचा हात पडणार तो माणूस दिसायला मला थोडा वेळ लागला. चोर आणि मी सारखेच, असं मला म्हणायचं नाही. पण धातूपलीकडचं न दिसण्याचा रोग फक्त चोरांनाच होतो, असंही नाही. मी जाड नळी घेतली.

नावेची दोन्ही अंगं सारखी नसतात, हे मला या कामात कळलं. फायबरची नाव साच्यातून निघते खरी. पण ऊन, ओझं, वर्षानुवर्षं एकाच कुशीवर ओढून ठेवणं, यांनी एक अंग थोडं बसतं, दुसरं थोडं फाकतं. अर्धी बाजू मोजून तीच उलटवून दुसरी काढली तर कठडा बसत नाही. म्हणून आठ मिलिमीटरची सळई नावेवरच वाकवून साचा घेतला, पाय येतील तिथे खुणा केल्या आणि पाइप त्या सळईवर बेतला. वाकवताना पाइप आत दबू नये म्हणून त्यात वाळलेली, चाळलेली वाळू ठोकून भरायची आणि दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करायची. वाळू म्हटलं की गोदाकाठी लगेच तहसीलदारांची गाडी आठवते. आमची मात्र घमेलंभरच होती.

एवढं करूनही एका पायाची पट्टी नावेच्या डेकवर सपाट टेकेना. कडेला नखभर फट राहत होती. अशा वेळी एक सोपा मार्ग असतो, बोल्ट आवळायचा. आठ एमएमचा बोल्ट नखभर फट सहज खाली ओढतो. फट दिसायची थांबते, पण ती ओढ कठड्यात आणि डेकमध्ये कोंडून राहते, आणि रोजच्या हेलकाव्यांनी पुढे तिथूनच चीर जाते. दुसरा मार्ग म्हणजे पाय कापून पुन्हा जोडायचा. मी पाय कापला. त्या वेळी मामा बाजूलाच बिडी ओढत बसले होते आणि टक लावून बघत होते. ते तिथे नसते तर मी काय केलं असतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर आलं नाही. साक्षीदारासमोर दाखवलेल्या सचोटीवरून सचोटी मोजता येत नाही, एवढंच उमगलं.

साक्षीदार नसलेली जागा कठड्यातच होती. ती म्हणजे पाइपाची आतली बाजू.

अर्गॉन वेल्डिंग करताना टॉर्चमधून अर्गॉन वायू येतो आणि वितळलेल्या धातूचं हवेपासून रक्षण करतो. पण ते वरच्या अंगाचं. आतलं अंगही त्याच वेळी लालबुंद झालेलं असतं आणि तिथे हवाच असते. मग आत काळा, रवाळ थर धरतो. सांधा तिथे कमजोर होतो आणि ओल पोचलीच तर गंजाची सुरुवात तिथूनच होते. उपाय साधा आहे: पाइपाच्या एका तोंडातून आतही अर्गॉन सोडायचा, आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं, मग वेल्ड करायचं. गॅस जास्त जातो, वेळ जातो, आणि हे केलं की नाही हे पाइप उभा चिरल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. पाय जिथे आडव्या पाइपाला बाजूने भिडतात तिथे याची फारशी गरज नसते. पण नावेच्या अगदी पुढच्या वळणात दोन पाइप तोंडाला तोंड लावून जोडायचे होते. तिथे गरज होती, आणि तिथे बघायला कुणीच नव्हतं.

मी आतून गॅस सोडला. त्या क्षणी कुठलाही मोठा विचार मनात नव्हता. पुरात कठडा धरणारी म्हातारी डोळ्यांसमोर आली नाही, देव आठवला नाही. आठवलं ते अक्षर.

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. भक्ती, माया, ब्रह्म सांगत आलेला ग्रंथ तिथे थांबतो आणि अक्षर कसं काढावं ते शिकवतो: गोलाई, सरळपणा, ओळींमधलं अंतर, काने, मात्रा, वेलांट्या, शाई, कागद. जांबेत वाढलेल्या माणसाच्या कानावर दासबोध न वाचताही पडत राहतो. त्या समासातल्या दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक अशी की पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत यावं. सगळं एकाच लेखणीने लिहिलंय असं वाटावं. दुसरी अशी की कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे उद्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही.

वेल्ड हे आमचं अक्षर. एकावर एक बसत जाणाऱ्या धातूच्या लाटांमधलं अंतर सारखं असलं की हात स्थिर होता हे जाणकाराला कळतं, आणि एखादी लाट फुगली की तिथे मन दुसरीकडे गेलं होतं हेही कळतं. कडेला जागा सोडायचा नियमही जसाच्या तसा लागू पडतो: पट्टीला बोल्टची भोकं कडेजवळ पाडली तर पट्टी छोटी चालते, पैसे वाचतात, आणि पहिल्या हिसक्याला भोक कडेतून फाटतं. पण खरी अडचण पहिल्या गोष्टीची आहे. सुरुवातीचं अक्षर सगळ्यांचंच चांगलं येतं. ते शेवटच्या पानावर तसंच राहतं का, हा प्रश्न आहे.

कठड्याच्या कामात हा प्रश्न अगदी शब्दशः समोर येतो. सगळे सांधे होत आले आणि पाइप सगळीकडून बंद झाला की आतली हवा तापून फुगते. शेवटचा सांधा मिटवताना ती वितळलेल्या धातूतूनच बाहेर उसळते आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं. वरून थेंबभर धातू टाकून ते झाकता येतं. बफिंगनंतर कुणाला दिसणार नाही. आतलं पोकळपण तसंच राहतं. हे टाळायचं तर कामाच्या सुरुवातीलाच, पट्टीच्या खालच्या अंगाला, हवेला निघायला बारीक वाट ठेवावी लागते. म्हणजे शेवटचं अक्षर नीट यावं याची तजवीज पहिल्या अक्षराच्या वेळी करावी लागते. अंधार पडत आलेला, पाठ भरून आलेली, गिऱ्हाईक घाई करतंय, अशा वेळी सचोटी आठवून उपयोग नसतो. अंगात जोर असतानाच तिची सोय करून ठेवावी लागते.

इतकं झालं, तरी सगळ्यात अवघड जागा पाइपात नव्हतीच. ती जिभेवर होती.

जुने बोल्ट काढताना डेकवर हातोडीचा दांडा ठोकून बघितला. एका ठिकाणी आवाज बद्द आला. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं. जुन्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरून ते तिथे कुजलं होतं. नवा कठडा कितीही चांगला केला तरी तो उभा राहणार त्या कुजलेल्या लाकडावर. बोल्ट आवळला की ते दबणार, पुन्हा सैल होणार, पुन्हा पाणी मुरणार.

आणि मन बोलायला लागलं. तुला कठडा सांगितलाय, डेक नाही. सांगितलंस तर मामांना वाटेल मिस्त्री काम वाढवतोय. खालून मोठी पट्टी टाकलीस तर दोन-तीन वर्षं सहज निघतील. शिवाय नाव बसून राहिली तर मामांची रोजी बुडेल, त्यांच्याच भल्यासाठी गप्प बस.

या चारांत एकही वाक्य खोटं नाही, आणि त्यानेच मी चपापलो. तोवर माझी समजूत अशी होती की मन फसवतं तेव्हा ते खोटं बोलतं आणि आपण ते पकडू शकतो. तसं नाही. फसवायला मनाला खोटं लागतच नाही. खरी विधानं निवडून ओळीने मांडली की पुरतं. संशय घ्यायचा तो विधानांवर नाही, त्यांच्या एकमतावर. माझ्या कामाची हद्द, मामांचा स्वभाव, लाकडाचं आयुष्य, मामांची रोजी, या चार वेगळ्या गोष्टी. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी चारींचा निष्कर्ष एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या सोयीचा. समर्थांनी मनाला समोर बसवून 205 श्लोक सांगितले. इतके कशाला लागले असतील, असं लहानपणी पाठ करताना वाटायचं. आता वाटत नाही.

मी मामांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “आता हे बी?” एवढंच म्हणाले आणि नदीकडे बघत राहिले. आभार नाहीत, कौतुक नाही. आणि मी खट्टू झालो. त्या खट्टूपणात मला आणखी एक गोष्ट दिसली: खरं सांगितल्याबद्दल मला काहीतरी मिळायला हवं होतं. म्हणजे मी सत्य मामांच्या हवाली केलं नव्हतं. विकायला काढलं होतं, आणि भाव आला नाही म्हणून रुसलो होतो. मामांनी त्याबद्दल मला कशाला काही द्यावं? कुजलेलं लाकूड त्यांचं, खर्च त्यांचा, बुडणारी रोजी त्यांची. माझं काम फक्त तोंड उघडण्याचं होतं.

डेकचा तो भाग उकरला, उन्हात वाळू दिला, त्यात रेझिन भरलं, ते घट्ट झाल्यावर त्यातूनच नवी भोकं पाडली. वरून पट्टीखाली सीलंट, खालून चार मिलिमीटरची आधारपट्टी, लॉक नट. नावेच्या पोटातली ती आधारपट्टी बघायला कुणी वाकणार नाही. तिच्या कडाही घासून गोल केल्या, कारण अंधारात जाळं काढताना तिथे कुणाचा तरी हात जाईल.

हातावरून आठवलं. वेल्डजवळ निळा-करडा डाग येतो. तो नुसता दिसायला वाईट नसतो; त्याखालच्या पातळ थरात क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथे आधी लागतो. डाग चटकन काढणारी एक पेस्ट मिळते. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. हे दुसरं ॲसिड वाईट. कातडीतून आत शिरतं, कधी कधी लगेच आगही होत नाही, आणि कळेपर्यंत आतलं मांस जळतं, हाडापर्यंत जातं. आमच्या धंद्यात ती पेस्ट सर्रास जुन्या ब्रशने, उघड्या हातांनी लावली जाते, आणि ती मिस्त्री लावत नाही, हाताखालचा पोरगा लावतो.

माझ्याकडचा पोरगा ब्रश घेऊन तयार उभा होता. नावेत बसणाऱ्या अनोळखी माणसाच्या काळजीने मी इतका वेळ भारावलेला होतो, आणि ओळखीच्या माणसाचे दहा उघडी बोटं समोर होती. दूरच्या माणसाची काळजी करणं स्वस्त असतं. ती विचारांत करता येते. जवळच्याची करायची तर दुकान बंद करून हातमोजे आणायला जावं लागतं. आम्ही ती पेस्ट बाजूला ठेवली. स्टेनलेसच्याच तारेचा ब्रश आणि सायट्रिक ॲसिड, ही जोडी वापरली. ती हळू काम करते, मनगट भरून येतं, पण चालते. हातमोजे आणि चष्मे त्यालाही लागतातच, ते आणले. पोऱ्याने विचारलं, “दादा, हे नावेपुरतंच का रोजचं?”

त्याच्या त्या साध्या प्रश्नाने हा हिशेब नावेबाहेर नेला. नाहीतर तो इथे बंद करून मला स्वतःबद्दल छान वाटून घेता आलं असतं.

आमच्या भागात नवी घरं होतायत. गच्चीला स्टेनलेसचा कठडा हवाच असतो, पाहुण्यांना रस्त्यावरून दिसावा म्हणून. तिथे बाजाराची रीत ठरलेली आहे: 202 चा माल, 1.2 ची भिंत, पट्टीला चारऐवजी दोन फास्टनर आणि वर चकचकीत टोपी, म्हणजे खाली किती आहेत ते दिसू नये. त्या कामात कुणी स्वतःच्या मनाला प्रश्न विचारत नाही. मीही नावेइतके विचारत नव्हतो. का? नावेखाली पाणी होतं म्हणून. पाणी डोळ्यांना दिसतं, त्याची भीती पोटात असते, पुराच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या असतात. गच्चीखाली पाणी नसतं. तिथे फरशी असते. आणि कठड्याला लोंबकळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला पोहणारा माणूस फरशीवरून वाचवू शकत नाही.

म्हणजे ज्याला मी माझा विवेक म्हणत होतो तो देखाव्याने जागा होणारा निघाला. नाव, नदी, पूर, असं काही भव्य समोर आलं की तो उभा राहतो. सिमेंटची गच्ची आणि घासाघीस करणारं गिऱ्हाईक समोर आलं की झोपतो. पुस्तकाचं मधलं एकच पान सुंदर आणि बाकीची गिचमीड, याला चांगलं अक्षर म्हणत नाहीत.

यावर उपाय काय? मन घट्ट करायचं, असं सांगतात. मी ते करून बघणार नाही, कारण मनाची चार खरी वाक्यं मी ऐकली आहेत. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर मी यापुढे निकाल देणार नाही. म्हणून काही गोष्टी अशा ठरवल्या आहेत की ज्यात मनाचं मत विचारायची वेळच येऊ नये. पावतीवर स्टीलचा नंबर, भिंतीची जाडी आणि पाइपाचं वजन लिहायचं. परीक्षेच्या द्रवाची बाटली कपाटातून काढून टेबलावर ठेवायची आणि गिऱ्हाइकाला हवा तो तुकडा स्वतः तपासू द्यायचा. पायाच्या बुडाचं वेल्ड स्वच्छ करायचं, पण घासून सपाट करायचं नाही. घासलं की तिथला धातूही जातो आणि पुरावाही. टोपी बसवण्याआधी मालकाला बोलावून खालचे फास्टनर दाखवायचे. हातमोजे रोज.

सज्जन माणसाला अशा पावत्यांची गरज नसते, असं म्हणणारे भेटतील. नसेल. मी सज्जन आहे की नाही हे मला या कामातून कळलेलंच नाही. आतून गॅस सोडला तो सवयीने, पाय कापला तो मामांच्या नजरेखाली, 304 सांगितलं ते कदाचित काम जाईल या भीतीने. प्रत्येक निर्णय बरोबर होता आणि एकाही निर्णयाच्या मुळाशी मला निखळ चांगुलपणा सापडला नाही. याचं फार दुःखही करत नाही. कठडा धरणाऱ्याला माझ्या हेतूंशी कर्तव्य नाही. त्याला सांधा आतून भरलेला हवा. हेतूंची मिसळ आयुष्यभर निवडत बसेन, पण तोवर सांधे भरलेले असले पाहिजेत आणि ते मी सोडून दुसऱ्यालाही तपासता आले पाहिजेत.

उद्या कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला एका गच्चीचं माप घ्यायचं आहे. मालकाने फोनवरच सांगितलंय की दुसरा मिस्त्री फुटाला कितीतरी कमी घेतो. मी त्यांना दोन भाव सांगणार आहे. एक 304 चा. दुसरा 202 चा, पण जाड भिंतीचा, चार फास्टनरचा, आणि पावसाने त्यावर ठिपके येतील हे आधीच बोलून. तिसरा, सगळ्यात स्वस्त भाव माझ्याकडे मिळणार नाही, हेही सांगणार आहे. काम कदाचित दुसऱ्या मिस्त्रीकडे जाईल. त्या दिवशी मन पुन्हा चार खरी वाक्यं घेऊन येईल, आणि त्यातलं पहिलं असेल की घरात खाणारी तोंडं आहेत. तेही खरंच असेल. ते ऐकून घेईन, आणि भाव दोनच ठेवीन.